कोरड्या विहिरीचा आकडा

१

शनिवारी सकाळी पाच नंबरच्या विहिरीनं टेपकाकांना चारचौघांत खोटं पाडलं.

काकांनी नेहमीसारखी कापडी टेप सोडली. टोकाचं शिशाचं वजन पाण्याला टेकलं, खालून बारीकसा आवाज आला, आणि काकांनी कठड्यावरच्या लाल खुणेशी टेप चिमटीत धरून आकडा वाचला. मग चष्मा पुसला आणि परत वाचला.

"वीस," ते म्हणाले.

आठवड्यापूर्वी याच विहिरीपुढे त्यांनी सतरा लिहायला सांगितलं होतं. मधल्या सात दिवसांत तीन फूट पाणी कुठे गेलं, हे कुणी विचारलं नाही. जमलेल्या लोकांच्या मते ते पाणी तिथं कधी नव्हतंच.

आमच्या वस्तीच्या पाणी-नियोजन कार्यक्रमाचं काम सांगायला सोपं आहे. घरं कुठे बांधायची, शेती कुठे करायची आणि कुठली जमीन पाणी मुरायला मोकळी सोडायची, हे वस्तीनं एकत्र बसून ठरवायचं आणि ठरवताना विहिरींना विचारायचं. म्हणून दर शनिवारी बारा विहिरी मोजल्या जातात. टेपकाका मोजतात, दप्तरबाई लिहून घेतात, नकाशेवाली त्यावरून मोठा नकाशा रंगवते, आणि मी व्यवस्थापक म्हणून सगळ्यांची भांडणं सोडवते. नऊ वर्षं हेच चाललंय. तीन वर्षांपूर्वी सभेनं वरचा उतार तात्पुरता बंद केला आणि तिथं चर खणले. ठरलं असं की कोरड्या हंगामाच्या शेवटी त्याखालच्या पाच नंबरच्या विहिरीचं पाणी अठरा फुटांच्या आत राहिलं, तर उतार कायमचा निळा, म्हणजे पाण्यासाठी राखीव. नाही राहिलं, तर तिथं प्लॉट पडणार.

हंगाम संपत आला होता आणि सभा सोमवारी होती.

वरच्या उतारावर प्लॉटवाल्याचा कधीचा डोळा. मंगळवारी मी सभेचं आमंत्रण काढलं, त्यात लिहिलं की उतार राखीव झाला तर त्याला टेपकाकांचं नाव द्यावं. ते वाचून शुक्रवारी संध्याकाळी हा गृहस्थ पाच पंच घेऊन ऑफिसात आला. "तुमचाच माणूस मोजणार आणि उताराला नावही त्याचंच लागणार," तो म्हणाला. "आम्ही काय नुसत्या माना डोलवायच्या? उद्याची मोजणी सगळ्यांसमोर होऊ द्या." मी म्हटलं, होऊ द्या. पंचांनी खिळ्यावरची टेप काढली, पाकिटात घातली, पाकिटावर सह्या केल्या. शनिवारी पहिल्या विहिरीवर ते माझ्यासमोर फोडलं. सह्या जशाच्या तशा होत्या.

एकेक विहीर होत गेली आणि प्रत्येक विहिरीत पाणी रजिस्टरपेक्षा खोल निघालं. आकडे लिहिताना दप्तरबाई दर वेळी पेन थांबवून काकांकडे बघत होत्या. मला वाटलं, बिचारीला काकांचं वाईट वाटतंय. अकरा विहिरी झाल्यावर पंच परत फिरले, कारण राहिलेली नऊ नंबर कोरडी ठणठणीत आहे, तळाचा खडक वरून दिसतो.

"बारा म्हणजे बारा," दप्तरबाई म्हणाल्या. "नऊ नंबर मोजल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही."

"कोरड्या विहिरीत काय मोती सांडलेत?" एक पंच कुरकुरला. पण नियमाच्या बाबतीत दप्तरबाईंपुढे कुणाचं चालत नाही. सगळे उन्हातून तिथं गेले, काकांनी टेप सोडली, काहीतरी आकडा पुटपुटला, बाईंनी लिहिला, आणि पंचांनी सह्या ठोकल्या.

काकांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडे," ते म्हणाले. "माझे डोळे गेले असतील, नाहीतर नियत गेली असेल. काय ते लोक सोमवारी सांगतील."

२

मला माझ्या नणंदेचा हेवा वाटतो. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

वन्सं वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होत्या. बाजारात त्या शिरल्या की तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं आमचे हे अभिमानानं सांगतात. आमचा दूधवाला अजून त्यांना बघितलं की माप काठोकाठ भरतो, आणि एरवी मी दारात उभी असले तर फेसासकट मोजतो. घरात काही हरवलं, बिघडलं, अडलं, की ह्यांचं एकच वाक्य: ताईला विचार. मी बारा विहिरी आणि चारशे घरांची भांडणं सांभाळते, पण स्वयंपाकघरातला नळ गळला तरी ताईला विचार.

शनिवारी संध्याकाळी मी सगळं सांगितलं, तेव्हा हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ताईला विचार."

माझ्या पोटात दुखलं. तरी फोन मीच केला. सोमवारी त्या सभेत टेपकाका खोटारडे ठरले असते तर त्यांना या वस्तीत मान वर करून चालता आलं नसतं, आणि वरचा उतार गेला असता तो वेगळाच. त्यापुढे माझं दुखणं किती मोठं असणार?

रविवारी सकाळी वन्सं हजर. पर्समध्ये स्वतःची पोलादी टेप. चहाचा कप उचलला, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धं बोट कमी आहे गं."

"थांबा, अजून ओतते," मी म्हटलं. दात मात्र आवळले होते.

"आकडे कुठे आहेत?"

"ऑफिसात, टेपेसकट कपाटात. कपाटाची किल्ली दप्तरबाईंकडे असते, त्या दुपारी येऊन उघडतील."

"मग आधी माणसं बघू. आकडे पळून जात नाहीत."

३

टेपकाका अंगणात खुर्चीवर बसले होते. अंगात कालचाच शनिवारचा शर्ट. काकू दारातून म्हणाल्या, "काल आल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही. तुम्हीच काहीतरी सांगा त्यांना."

वन्संनी सांगितलं काहीच नाही, नुसतं विचारलं. "टेप घरी आणता?"

"कधीच नाही. ऑफिसात खिळ्यावर असते."

"काल पाकिटातून काढली, त्याआधी शेवटची हातात कधी होती?"

"गेल्या शनिवारी. मोजून झाल्यावर मीच टांगली."

"काल टेपेचं टोक बघितलंत?"

काका पहिल्यांदाच चिडले. "टोक कशाला बघू? टोक विहिरीत असतं. माणूस वरचा आकडा बघतो. नऊ वर्षांत मी टोक बघितलेलं नाही."

वन्संनी नुसती मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा राग येतो. त्यातून माणसाला वाटतं की हिला काहीतरी कळलंय, आणि बहुतेक वेळा खरंच कळलेलं असतं.

नकाशेवाली तिच्या भाड्याच्या खोलीत मोठा कागद पसरून बसली होती. पोरगी हुशार, पण अंगावरच्या अर्ध्या वस्तू सेफ्टी पिनांवर चालतात: पिशवीचा बंद, बाहीचं बटण, पडद्याची कड. टेबलावर कागद कापायचं धारदार पातं होतं. वन्संची नजर त्यावर जराशी थांबली.

"काकांशी तुझं भांडण झालं होतं म्हणे," वन्सं म्हणाल्या.

"भांडण कसलं! मी म्हटलं, विहिरींत यंत्रं बसवू, आकडे आपोआप येतील. काका म्हणाले, यंत्राला काय कळतं पाण्यातलं." ती कागदाकडे बघत राहिली. "हातानं केलेली मोजणी कधी ना कधी चुकतेच, मावशी. मला काकांचा राग नाही. त्या टेपेचा आहे."

"ऑफिसची किल्ली आहे तुझ्याकडे?"

"आहे ना. टेपेचा खिळा माझ्याच टेबलामागे आहे."

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "हिच्यावर लक्ष ठेव." ही पोरगी मीच शोधून आणलेली, आणि वन्संनी तिला पाच मिनिटांत चोर ठरवायच्या यादीत घातलं.

प्लॉटवाला रस्त्यातच भेटला. इस्त्रीचे कपडे, तोंडभर हसू. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "मी शुक्रवारपर्यंत तुमच्या ऑफिसची पायरीसुद्धा चढलो नव्हतो. संशय होता, तो खरा निघाला."

"बाकीच्या विहिरींचं काय?" वन्संनी विचारलं.

"बाकीच्यांशी मला काय करायचंय? मी पाच नंबर बघितली आणि घरी गेलो."

"सगळ्यांनी पाच नंबरचाच आकडा बघितला," वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तूसुद्धा?"

बाराही विहिरींवर हिंडून मीसुद्धा तेवढाच बघितला होता. शनिवारचा बारा आकड्यांचा कागद माझ्याकडून नुसता घडी घालून ठेवला गेला होता.

४

ऑफिसात दप्तरबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. खिडक्या उघडलेल्या, टेबल पुसलेलं. आमच्या ऑफिसात एकही रजिस्टर कव्हराशिवाय नाही आणि एकही पान सुटं नाही. सैल झालेलं पान दिसलं की बाई सुईदोरा काढतात. त्यांचे डोळे सुजले होते.

"काका असे नाहीत," त्या वन्संना म्हणाल्या. "एवढं मी सांगते." आणि रजिस्टर, शनिवारचा कागद, टेप, सगळं एका ओळीत मांडून त्या चहा करायला आत गेल्या.

रजिस्टरात खुणेचा कागद घातला होता. वन्संनी तिथंच उघडलं. त्यांनी पान वाचलं, शनिवारचा कागद वाचला, पुन्हा पान वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या नोकरीची लाज वाटली.

"ही नऊ नंबर," त्या म्हणाल्या. "कोरडी आहे ना?"

"ठणठणीत. खाली खडक आहे."

"रजिस्टरात दर वर्षी या दिवसांत काय लिहिलंय वाच."

मी वाचलं. कोरडी, एकतीस फूट. कोरडी, एकतीस फूट. गेल्या शनिवारीही एकतीस.

"आणि काल?"

काल चौतीस होते.

"पाणी खाली जातं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "एखाद्यानं आकडा खोटा लिहिला असं आपण समजूही. पण खडक तीन फूट खाली कसा गेला?"

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि बाराही विहिरींची वजाबाकी मांडली. तीन फूट. दोन फूट अकरा इंच. तीन फूट एक इंच. तीन. वरचा उतार असो की खालची शेतं, गाळाची विहीर असो की खडकाची, फरक तेवढाच. इतक्या शिस्तीत पाणी कधी उतरत नाही, हे मला नऊ वर्षांत कळायला हवं होतं, आणि कळलं वन्संना, ज्यांनी आयुष्यात विहीर मोजलेली नव्हती.

त्यांनी टेप उचलली आणि टोकाचं शिशाचं वजन सोडवलं. टेप सुरू होत होती तीन आकड्यापासून. पहिले तीन फूट नव्हतेच.

"कापली," मी म्हटलं.

"कापली आणि वजन परत बांधलं. मग टेप प्रत्येक विहिरीत तीन फूट जास्तच सांगणार." वन्संनी ते टोक उजेडात धरलं. "पण हे बघ. कापलेल्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून दुमडून टाके घातलेत. बारीक, सारखे. खोडी करणारा माणूस शिवण कशाला घालेल?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. मग तो अचानक थांबला.

५

वन्संनी आवाज खाली आणला. "गेल्या शनिवारी टेप बरोबर होती, कारण नऊ नंबर एकतीस भरली. शुक्रवारी ती पाकिटात गेली. मधल्या दिवसांत किल्ली कुणाकुणाकडे होती?"

"माझ्याकडे, काकांकडे, नकाशेवालीकडे आणि दप्तरबाईंकडे."

"काका स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाहीत. तू मला बोलावलंस. दप्तरबाई काकांसाठी रडतायत. राहिली ती पोरगी. तिला टेप नकोच आहे, खिळा तिच्या पाठीशी आणि पातं तिच्या टेबलावर. हातची मोजणी चुकते हे तिला सिद्ध करायचं होतं."

वन्संचं सगळं एका रेषेत आलेलं होतं, आणि त्याच वेळी मला दिसलं की ते चूक आहे. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मला आनंद झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वन्संचं माप चुकलं होतं आणि ते मी पकडलं होतं.

"तिला टाका घालता येत नाही, वन्सं," मी म्हटलं. "तिच्या बाहीचं बटण बघितलंत ना? तिनं टेप कापली असती तर टोकाला सेफ्टी पिन निघाली असती."

वन्सं थांबल्या. मला आणखी चेव आला. "आणि दुसरं. काल पंच नऊ नंबर सोडून चालले होते. तुम्ही तिथं नव्हता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. ती मोजल्याशिवाय कागद पुरा करणार नाही म्हणून हटून कोण बसलं? आणि आज रजिस्टरात खुणेचा कागद नऊ नंबरच्याच पानात कुणी घातला? अहो, तुम्ही शोधलं नाहीत, तुम्हाला दाखवलं गेलं. कुणाला तरी वाटत होतं की हे पकडलं जावं. ज्याला असं वाटतं, त्याला ते खोटं आहे हे आधीपासून..."

आनंद कुठल्या कुठे गेला. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंबद्दल मी बोलत होते.

"पण का?" वन्संनी विचारलं. "त्यांना उतार नको आहे? प्लॉटवाल्याशी काही..."

"नाही." त्यामागचं कारण मला माहीत होतं, आणि ते कसं माहीत होतं हे वन्संना सांगता येण्यासारखं नव्हतं. 'ताईला विचार' ऐकल्यावर आरशात माझा जो चेहरा दिसतो, तोच मंगळवारी मी समोर बघितला होता. मी आमंत्रणाचा मसुदा दिला, दप्तरबाईंनी तो टाइप केला, टेपकाकांच्या नावाच्या ओळीवर त्यांची बोटं थांबली, आणि त्यांनी विचारलं, "एवढंच लिहायचं का, बाई?"

मी म्हटलं होतं, "एवढंच."

वन्संनी पर्स उचलली. "माप माझं झालं," त्या म्हणाल्या. "तोलायचं तुझं तू बघ. मी बाहेर थांबते."

६

दप्तरबाई आतल्या खोलीत उभ्या होत्या. चहा गाळून झाला होता आणि गार होत होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं, आतून कापडी टेपेचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. शून्य, एक, दोन. त्याचीही कड दुमडून शिवलेली होती.

"फेकवला नाही," त्या म्हणाल्या. "मापाची वस्तू आहे."

"कधी कापलीत?"

"बुधवारी. आमंत्रणं वाटून आल्यावर."

मी खुर्ची ओढली. त्या उभ्याच राहिल्या.

"काका आकडा सांगतात," त्या म्हणाल्या. "एक शब्द. मग ते घरी जातात आणि मी तो आकडा तीन ठिकाणी लिहिते, आलेख काढते, गेल्या वर्षीशी ताडून बघते. दोनदा त्यांचा पाय मोडला, तेव्हा मी मोजलं. एकदा रजिस्टर भिजलं, तेव्हा चार वर्षांचे आकडे पाठ होते म्हणून मी परत लिहिले. बाहेरून कुणी आलं की तुम्ही म्हणता, हे आमचे टेपकाका. मी चहा आणते. मग मला कळलं की अख्खा डोंगरउतार त्यांच्या नावाचा होणार. बाई, मला रात्रभर झोप आली नाही. एवढा चांगला माणूस, आणि मी त्याला पाण्यात पाहायला लागले."

"म्हणून त्यांना खोटं पाडायचं?"

"नाही हो." आता त्या रडायला लागल्या. "खोटं नाही पाडायचं. एकदाच चुकवायचं होतं. शनिवारी आम्ही दोघंच असतो. पहिल्याच विहिरीला ते तीन फूट जास्त सांगणार, आणि मी म्हणणार, थांबा काका, हे शक्यच नाही, टेप बघा. जुनी टेप, कुणीतरी फाटली म्हणून तोडली असेल, असं सगळ्यांना वाटलं असतं. आणि सोमवारी तुम्ही सभेत म्हणाला असतात, दप्तरबाई होत्या म्हणून चूक सापडली. एवढंच हवं होतं मला. पण शुक्रवारी पंच आले आणि टेप पाकिटात गेली."

"काल पहिल्या विहिरीला का नाही बोललात?"

"पाच पंच उभे होते. त्यांनी टोक बघितलं असतं, टाके बघितले असते. तुम्ही माझा टाका ओळखता. तोंडच उघडेना. म्हटलं, नऊ नंबरला तरी कुणी बोलेल, खडक कुठे जातो म्हणून. कुणी नाही बोललं. काकासुद्धा नाही. त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता."

मला त्यांचा राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. काकांचं नऊ वर्षांचं नाव त्यांनी एका कात्रीनं कापलं होतं. पण त्या कापण्यात माझाही वाटा होता, म्हणून आवाज चढेना.

"उद्या मी सभेला टेप दाखवू शकते," मी म्हटलं. "पण कुणी कापली ते सांगितलं नाही तर प्लॉटवाला म्हणेल, काकांनीच कापली. लोक ते मानतील."

"मला कळतं ते," त्या म्हणाल्या, आणि तो तुकडा उचलून त्यांनी पदराच्या टोकात बांधला.

७

सोमवारी सकाळी पंचांना घेऊन वन्संनी आपल्या पोलादी टेपेनं बाराही विहिरी मोजल्या. नऊ नंबर एकतीस. पाच नंबर सतरा फूट एक इंच. सभा भरली तेव्हा मी कापलेली टेप टेबलावर ठेवली. प्लॉटवाल्यानं आकडा ऐकला, टेप बघितली आणि मी म्हटलं होतं तेच बोलला. "टेप कुणाच्या ताब्यात असते? ती कापली कुणी? आधी ते सांगा, मग उताराचं बोला."

टेपकाका मान खाली घालून बसले होते.

दप्तरबाई मागच्या रांगेतून उठल्या. पुढे येईपर्यंत त्यांना बराच वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. त्यांनी पदराची गाठ सोडली, तुकडा टेबलावर टेपेच्या टोकाला लावून ठेवला. दोन्ही शिवणी जुळल्या.

"मी कापली," त्या म्हणाल्या. "काकांचा दोष नाही. मला त्यांचा हेवा वाटला." कुठल्याच सभेत हा शब्द एवढ्या सरळ कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. प्लॉटवाला खाली बसला.

काका उठले. मला वाटलं, आता माफ करतील किंवा शिव्या घालतील. त्यांनी टेपेकडे बघितलं, बाईंकडे नाही. "एकदा जरी म्हणाला असतात," ते म्हणाले, "तर आकडा मी तुम्हालाच वाचायला दिला असता." मग ते सभेकडे वळले. "उतार निळा करा. माझं नाव नको."

हात वर झाले. उतार निळा झाला, आणि त्याला नाव कुणाचंच लागलं नाही. रजिस्टर दप्तरबाईंकडून काढून घ्यायचं, हेही सभेनं ठरवलं. बाईंनी त्याला नवं कव्हर घातलं आणि ते नकाशेवालीच्या हातात दिलं. "पान सैल झालं तर पिन लावू नकोस," त्यांनी तिला सांगितलं. "गंजते." मग त्या घरी गेल्या.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा हे खुशीत होते. "बघ," ते मला म्हणाले, "शेवटी ताईनंच सोडवलं की नाही?"

माझा घास हातातच राहिला. मनात काय आलं ते सांगत नाही, पण घरातली कात्री कुठल्या खणात असते ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं.

वन्संनी वाटी खाली ठेवली. "मी नुसती टेप मोजली रे," त्या म्हणाल्या. "मी तर भलत्याच पोरीला धरलं होतं. माणूस हिनं ओळखला. ते मला जमलं नसतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा नव्यानं बघावं तसं. माझ्या पोटातलं सव्वीस वर्षांचं दुखणं जागच्या जागी सैल झालं. त्यासाठी लागलं काय, तर जेवताना बोललेली दोन-चार वाक्यं.

ताट आवरून झाल्यावर मी पिशवीतून मंगळवारचं आमंत्रण काढलं आणि दिव्याखाली धरलं. काकांच्या नावाची ओळ, तारीख, माझी सही. सहीच्या वर चांगली चार ओळींची जागा मोकळी होती.